अलिबागला घर घेऊन मुंबईला ये-जा करावी का? सातारकरांचा सल्ला हवा आहे

माचीपेठ, २ मार्च

सर्वांना नमस्कार. आम्ही साताऱ्याचे, माची पेठेतले. मुलगा मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कार्यालयात नोकरीला आहे. सूनबाई आठवड्यातले दोन दिवस फोर्टमध्ये जातात आणि उरलेले दिवस घरून काम करतात. सहा वर्षे ते दोघे नातवाला घेऊन कांजूरमार्गला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत आहेत. मुंबईत स्वतःची जागा घेणे आमच्या आवाक्यातले नाही, हे आम्ही केव्हाच मान्य केले आहे. गेल्या दिवाळीत मुलाने अलिबागचा विषय काढला. गेटवेवरून बोटीने मांडव्याला आणि तिथून बसने घरी येणे लोकलमध्ये लोंबकळण्यापेक्षा कितीतरी बरे, असे त्याचे म्हणणे आहे.

दोन जागा पाहून झाल्या आहेत. पहिली अलिबाग शहरातच, समुद्रापासून दहा मिनिटांच्या चालीवर असलेले सुमारे ऐंशी वर्षांचे कौलारू घर आहे. दगडी जोते, पुढे ओटी, माजघर, मागे विहीर आणि सात नारळ. दुसरी जागा म्हणजे किहीमच्या बाजूचा अकरा गुंठ्यांचा तुकडा, ज्यावर शेतघर बांधून देतो असे मध्यस्थ सांगतो. यांपैकी काहीही घ्यायचे झाले तर शाहूपुरीतला आमचा प्लॉट विकावा लागेल, आणि तो यजमानांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेला आहे. म्हणून एकदाच विचारते आणि नीट विचारते. रोजची ये-जा बाराही महिने जमते का? जुने घर घ्यावे की मोकळी जागा? आणि उतारवयात आम्ही दोघे तिकडे राहायला गेलो तर निभावेल का? ज्यांनी स्वतः अनुभव घेतला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वडखळनाका, २ मार्च

ताई, मी मूळचा वाईचा. गेली अकरा वर्षे अलिबागला राहतो आणि त्यातली आठ वर्षे रोज मुंबईला जात होतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो.

सप्टेंबर ते मे या काळात आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. मांडवा ते गेटवे हा बोटीचा प्रवास पाऊण ते एक तासाचा असतो. अलिबाग ते मांडवा हे वीसेक किलोमीटरचे अंतर बसने पाऊण तासात होते आणि या बसचे भाडे बहुतेक बोटींच्या तिकिटातच धरलेले असते. गेटवेहून बॅलार्ड इस्टेट चालत गाठता येते. घराच्या उंबरठ्यापासून कार्यालयाच्या दारापर्यंत सव्वादोन तास धरावेत; पण हे सव्वादोन तास बसून, वारा खात आणि पुस्तक वाचत जातात. मी या प्रवासाचा कंटाळा केल्याचे मला आठवत नाही. अडचण संध्याकाळची आहे. कार्यालयात कुणी ऐन वेळी थांबवून घेतले आणि शेवटची बोट सुटली, तर त्या रात्री घरी पोहोचायला मध्यरात्र होते. साहेबाला ‘माझी बोट आहे’ असे स्पष्ट सांगता येईल अशी नोकरी असेल, तरच हे गणित जुळते.

खरा प्रश्न पावसाळ्याचा आहे. मेअखेरीस गेटवेच्या बोटी बंद होतात आणि साधारण सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू होतात. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसे नेणारी, बोटसेवा आहे. ते मोठे जहाज असल्यामुळे पावसातही चालते. मात्र समुद्र खवळला की त्याच्याही फेऱ्या रद्द होतात, आणि ते कळते त्या दिवशी सकाळी. मग उरतो तो वडखळ, पेण, पनवेल असा शंभरएक किलोमीटरचा रस्ता. एका बाजूला साडेतीन ते चार तास लागतात आणि वडखळ ते अलिबाग हा अरुंद टप्पा त्यातला बराच वेळ खातो. रो-रो नव्हती तेव्हाचे सगळे पावसाळे मी सोमवार ते शुक्रवार मुंबईत मित्राच्या खोलीवर काढले आहेत. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेणहून येणारा लोहमार्ग थळच्या खत कारखान्याच्या मालगाड्यांसाठी आहे. हे सगळे आधी समजून घेऊन जो येतो तो टिकतो. फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी समुद्र पाहून ज्यांनी घरे घेतली, त्यांतली बरीच आता कुलूपबंद आहेत.

कृष्णा_वेण्णा, ३ मार्च

मला या बेताची काळजी वाटते, म्हणून थोडे परखड लिहितो. शाहूपुरीतला प्लॉट एकदा विकला की तो परत घेता येणार नाही. मुलाची नोकरी उद्या अंधेरीला किंवा पुण्याला गेली तर अलिबागचे घर कुणासाठी? दुसरे असे, की अटल सेतू झाल्यापासून अलिबाग मुंबईला जोडले गेले असे सगळे दलाल सांगतात. त्यात तथ्य किती, हे वडखळनाका यांनी सांगावे.

वडखळनाका, ३ मार्च

अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. तो २१.८ किलोमीटर लांबीचा आहे आणि शिवडीहून न्हावाशेवाच्या बाजूला, चिर्ल्याकडे उतरतो. तिथून पुढे पेण, वडखळ आणि अलिबाग हा रस्ता पूर्वीचाच आहे. म्हणजे सेतूमुळे जो वेळ वाचतो तो पनवेलच्या अलीकडचा, आणि आमचा वेळ जातो तो वडखळच्या पलीकडे. शिवाय रोज स्वतःची गाडी, इंधन आणि पथकर परवडणारा माणूस अलिबागला स्वस्त घर शोधायला येत नाही. रेवस आणि करंजा यांना जोडणाऱ्या खाडीपुलाची चर्चा १९८० च्या दशकापासून आहे. तो पूल झाला तर अलिबाग खरोखर जवळ येईल. मात्र त्यावरून वाहने धावू लागेपर्यंत त्याच्या नावावर जागेसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

इतर_हक्क, ५ मार्च

महसूल खात्यात एकतीस वर्षे नोकरी करून मी साताऱ्यात स्थायिक झालो. त्यातली सहा वर्षे रायगड जिल्ह्यात गेली, म्हणून कागदपत्रांपुरते लिहितो.

प्रथम किहीमचा तुकडा. त्याचा सातबारा मागवा आणि वरचे नाव वाचण्याआधी ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचा. आपल्याकडे कोरेगाव, खटाव भागात जमीन घेताना आपण भावकीचा वाद पाहतो. अलिबाग तालुक्यात त्याआधी कुळाचा प्रश्न पाहावा लागतो. याच तालुक्यातील चरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असा संप नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली केला होता. लोकांनी करवंटीने पाणी प्यायची वेळ आली तरी माघार घेतली नाही, असे तिकडचे वृद्ध मला सांगत. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे मालक मानली गेली, आणि त्यांना कलम ३२-म खाली खरेदीची प्रमाणपत्रे मिळाली. अशा जमिनीवर कलम ४३ चे बंधन असते, म्हणजे ती परवानगीशिवाय विकता येत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, प्रमाणपत्राला दहा वर्षे झालेली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून ती विकता येते. रक्कम किरकोळ असते, पण ती भरल्याची नोंद नसेल तर व्यवहार अडकतो. प्रमाणपत्रच नसेल आणि कुळाचे नाव रकान्यात तसेच असेल, तर त्या जमिनीच्या वाटेला जाऊ नये. हे कुळ म्हणजे कुणाच्या तरी आजोबांचे सहा वर्षांचे हाल आहेत. ‘ते नाव आपण काढून टाकू’ असे मध्यस्थ सहज म्हणतो तेव्हा मला फार वाईट वाटते.

दुसरी गोष्ट, शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. हे त्याच कायद्याचे कलम ६३. आपल्या घरात महाराष्ट्रात कुठेही शेती असेल तर तो सातबारा चालतो, पण जमीन ज्याच्या नावावर घ्यायची त्याचे शेतकरी असणे सिद्ध व्हावे लागते. आणि बिनशेती न झालेल्या जमिनीवर बँका गृहकर्ज देत नाहीत. ‘शेतघर बांधून देतो’ म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: जमीन बिनशेती आहे का, आणि प्रकल्प महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला आहे का? पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेचे प्लॉट पाडून विकायचे तर ती नोंदणी सक्तीची आहे.

तिसरी आणि किनाऱ्यावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सीआरझेड, अर्थात किनारी नियमन क्षेत्राचे नियम. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत साधारणपणे ना-विकास क्षेत्र असते आणि पाचशे मीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध असतात. खाडीच्या काठालाही वेगळे अंतर आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या गावांत हे अंतर कमी केले असले, तरी आपले गाव कोणत्या वर्गात येते हे मंजूर नकाशावर गट क्रमांक पाहूनच ठरवावे. मार्च २०१९ मध्ये याच किहीमला एका फरारी हिरे व्यापाऱ्याचा प्रचंड बंगला सुरुंग लावून पाडण्यात आला, ते आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले आहे. त्याच्याजवळ वकिलांची काय कमतरता होती?

कोयनाकाठ, ५ मार्च

इतर_हक्क यांच्या माहितीत एक भर घालतो. कोयना धरणात आमची गावे गेली तेव्हा जावळी आणि पाटण तालुक्यांतली पुष्कळ कुटुंबे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात वसवण्यात आली. माझे चुलते त्यांतलेच. पुनर्वसनात मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग दोनची असते आणि परवानगीशिवाय विकता येत नाही. आपल्याच मुलखातली माणसे गोड बोलून अशी जमीन दाखवतात आणि सातारकर असल्याच्या विश्वासावर व्यवहार होतात, म्हणून सावध करतो. वर्ग एक की दोन, हे सातबाऱ्यावर छापलेले असते.

माचीपेठ, ९ मार्च

सर्वांचे मनापासून आभार. ही माहिती घरात मोठ्याने वाचून दाखवली.

किहीमच्या तुकड्याचा सातबारा ऑनलाइन काढला. जमीन शेतीचीच आहे, बिनशेतीचा आदेश नाही. मध्यस्थ आम्हाला साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने सर्व व्यवहार करण्याचा अधिकार) करून देतो म्हणाला. शेती यजमानांच्या नावावर कोरेगाव तालुक्यात आहे, पण कर्ज मिळणार नाही हे कळल्यावर मुलानेच तो विचार सोडला.

अलिबागच्या घराचे मालमत्ता पत्रक मिळाले. त्यावर तीन भावांची नावे आहेत. त्यांतले दोघे वारले आहेत, धाकटे तिथेच राहतात आणि तेच विकत आहेत. वारसांची नोंद झालेली नाही. ते गृहस्थ अत्यंत सज्जन आहेत, आम्हाला सोलकढी पाजून त्यांनी घर दाखवले, आणि ‘आमच्यात वाद नाही’ असे शपथेवर सांगतात. माझा त्यांच्यावर विश्वास बसला आहे. तरी काय करावे?

इतर_हक्क, ९ मार्च

ताई, ते सज्जन असतील यात मला शंका नाही. पण त्यांना स्वतःचा एक तृतीयांश हिस्साच विकता येतो. वारलेल्या दोन भावांच्या पत्नी, मुलगे आणि मुली या सर्वांची वारस नोंद आधी मालमत्ता पत्रकावर झाली पाहिजे. मग त्या सर्वांनी एकतर खरेदीखतावर सह्या कराव्यात किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. मुलींना विसरू नका. बाप वारल्यावर लग्न झालेल्या मुलीही वारस असतात, आणि घर वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने त्यांना मुलग्यांइतका जन्मसिद्ध हिस्सा दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. आपल्या पेठांतले किती वाडे याच एका सहीसाठी पडक्या अवस्थेत उभे आहेत, हे आपण रोज पाहता. मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, आणि तोवर बयाणा म्हणून एक पैसाही देऊ नका.

साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांवर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. तो मध्यस्थ पुन्हा फोन करील. त्याला नम्रपणे नकार द्यावा.

घर सूनबाईंच्या किंवा आपल्या नावावर घेतल्यास निवासी मिळकतीसाठी महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती जरूर घ्या. नोंदणी शुल्क एक टक्का, पण तीस हजारांपेक्षा जास्त नाही. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते.

जोते_ते_कौल, ११ मार्च

मी सातारा येथे स्थापत्य अभियंता आहे आणि कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे केली आहेत. कागदपत्रे स्वच्छ निघाली तर जुने घर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सांगतो.

समुद्राच्या हवेचे वैर लोखंडाशी आहे. खारी दमट हवा काँक्रीटच्या बारीक भेगांतून सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, गंजताना फुगते आणि बाहेरचे काँक्रीट ढलप्यांनी उतरते. भारतीय मानक ४५६ नुसार किनाऱ्याच्या हवेत उघड्यावर असणाऱ्या काँक्रीटसाठी किमान एम ३० या मजबुतीची प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण हवे. प्रत्यक्षात छोट्या इमारतींवर सळई जेमतेम वीस मिलिमीटर आत असलेली मी पाहिली आहे. त्यात कुणी न धुतलेली खाडीची वाळू वापरली असेल, तर दहा-बारा वर्षांतच गच्चीच्या खालच्या बाजूला गंजाच्या रेषा दिसू लागतात. म्हणून नवी सदनिका पाहताना नमुना खोली पाहू नये, त्याच बांधकाम व्यावसायिकाची दहा वर्षांपूर्वीची इमारत शोधावी आणि तिच्या सज्जांच्या कडा खालून पाहाव्यात.

आपण पाहिलेल्या घरात मुळात लोखंड फारच कमी असणार: दगडी जोते, चुन्यातली भिंत, सागवानी तुळया, वर कौले. अलिबागलाच याचे एक सुंदर उदाहरण आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय निरीक्षणाचे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले. यंत्रांवर परिणाम होऊ नये म्हणून त्या इमारती लोखंड टाळून बांधल्या, आणि त्या वेधशाळेचे काम आजही सुरू आहे. लोखंड टाळण्याचे कारण वेगळे होते, पण खाऱ्या वाऱ्यात काय टिकते हे त्यावरून समजते. कुलाबा किल्ल्याच्या तटाचे मोठाले चिरे चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले आहेत. लाटेचे पाणी त्यांच्या फटींत शिरते, जोर हरवते आणि परत फिरते. ओहोटीला चालत जाऊन ते जरूर पाहा. भरतीची वेळ मात्र आधी विचारून घ्या.

घराची पाहणी करताना पुढील गोष्टी पाहा. वासे, रिपा आणि आढे यांना टाचणी किंवा पेचकस टोचून पाहावा. वाळवीने पोखरलेले लाकूड वरून धडधाकट दिसते. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक सर्वांत आधी कुजते, तिथे विशेष लक्ष द्या. भिंतीला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर येणारे मीठ) धरला असेल तर घाबरू नका, पण कुणी ‘सिमेंटचा गिलावा मारून टाकू’ म्हणाला तर त्याला थांबवा. सिमेंटमुळे ओल आत कोंडते, मीठ आतल्या आत साचते आणि तीन वर्षांत गिलाव्यासकट वीट निघून येते. चुन्याचा गिलावा श्वास घेतो. चुना मळणारे गवंडी आता थोडे राहिले आहेत, त्यांचा शोध आधीच घेऊन ठेवा.

कौलांविषयी एक इशारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगडभर कौले आणि पत्रे उडाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मी त्या वेळी एका घराच्या दुरुस्तीला गेलो होतो. छप्पर गेले होते, पण भिंती आणि जोते जागचे हलले नव्हते. वासे तुळयांना तांब्याच्या किंवा न गंजणाऱ्या पोलादाच्या पट्ट्यांनी बांधून घेतले आणि कडेच्या ओळींची कौले तारेने अडकवली, तर पुष्कळ नुकसान टळते. दुरुस्तीचा अंदाज खरेदीच्या किमतीत आधीच मिळवा, नंतर नव्हे.

तख्ताचा_वाडा, १२ मार्च

थोडे वेगळे पण याच विषयातले. अलिबाग हे आपल्याला परके गाव नाही. शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात १७०८ मध्ये झाला, तेव्हा कान्होजी आंगरे ताराबाईंच्या पक्षात होते. बाळाजी विश्वनाथांनी १७१३-१४ च्या सुमारास त्यांच्याशी तह केला आणि कान्होजी छत्रपती शाहूंचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाले. साताऱ्याच्या गादीचा समुद्र त्यानंतर अलिबागहून राखला गेला. १७२९ मध्ये ते वारले, त्यांची समाधी अलिबाग शहरातच आहे. किल्ल्यातले गणपतीचे देऊळ राघोजी आंगऱ्यांनी १७५९ मध्ये बांधले. आपण ज्या आळीत घर पाहिले ती वस्ती आंगरेकाळापासून वाढत आलेली आहे. ताई, घर घेतलेत तर कृपया ते पाडू नका. माची पेठेतला एकेक वाडा गेला तेव्हा आपल्याला काय वाटले, हे आठवावे.

व्यवहाराची एक गोष्टही सांगतो. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम बंद असते आणि पुढचे दोनशे मीटर परवानगीने होते. कुलाबा किल्ला समुद्रात असल्यामुळे शहरातल्या आपल्या घराला त्याची झळ नाही. परंतु चौल आणि रेवदंड्याकडे जुने अवशेष वस्तीत मिसळलेले आहेत. तिकडे कुणी जागा पाहत असेल तर हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा.

वडखळनाका, १२ मार्च

ताईंचा तिसरा प्रश्न राहून गेला होता. माझे आईवडील वाईहून येऊन इथे चार वर्षे राहिले. जिल्ह्याचे ठिकाण असल्यामुळे जिल्हा रुग्णालय गावात आहे. साध्या आजारपणाला अडत नाही, पण हृदयाचे किंवा मेंदूचे काही झाले तर मुंबई किंवा पनवेल गाठावे लागते आणि पुन्हा तोच वडखळचा रस्ता येतो. बाजार चालत जाण्यासारखा आहे, मासे ताजे, भाजी चांगली. अलिबागचा पांढरा कांदा तर आईने वाईला नेऊन वाटला. मात्र साताऱ्याच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला इथला दमटपणा जड जातो. पापड सादळतात, पुस्तकांना बुरशी लागते, एप्रिल-मे मध्ये पाठीवरचा घाम वाळत नाही. वडिलांचे गुडघे पावसाळ्यात फार दुखत. विहिरीविषयी सांगतो: किनाऱ्याजवळच्या विहिरी ऑक्टोबरमध्ये गोड असतात आणि मे महिन्यात मचूळ होऊ शकतात. साताऱ्याला येणाऱ्या कास तलावाच्या पाण्यावर वाढलेल्यांना ते पहिल्या घोटातच कळेल. विहीर पाहायची तर मे महिन्यात पाहावी.

माझा सल्ला इतकाच की आधी एक वर्ष भाड्याने राहून पाहावे, आणि त्या वर्षात एक संपूर्ण पावसाळा असावा.

कृष्णा_वेण्णा, १३ मार्च

याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. भाड्याने राहा, प्लॉट तूर्त विकू नका.

माचीपेठ, २१ ऑगस्ट

पाच महिन्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमा असावी. आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले होते, की पुढे काय झाले ते कळवणे हे माझे कर्तव्य आहे.

मुलाने मे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून अलिबागला लागून असलेल्या चेंढऱ्यात अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर घर भाड्याने घेतले. मे महिना बोटीने सुखाचा गेला. नातू रोज संध्याकाळी समुद्रावर जाऊ लागला, त्याचा खोकला थांबला. जूनमध्ये बोटी बंद झाल्या. मुलाने वहीत प्रत्येक दिवसाची नोंद ठेवली आहे. जून आणि जुलै मिळून त्याला अठ्ठेचाळीस दिवस कार्यालय होते. त्यांतले एकोणतीस दिवस तो रो-रोने गेला, अकरा दिवस रस्त्याने गेला आणि आठ दिवस मुंबईत सहकाऱ्याकडे मुक्काम केला. रस्त्याच्या अकरा दिवसांपैकी एके रात्री तो पावणेबाराला घरी पोहोचला. आपल्या कार्यालयात त्याने हे सर्व मांडले तेव्हा पावसाळ्याच्या तीन महिन्यांत आठवड्यातले दोन दिवस घरून काम करण्याची लेखी परवानगी त्याला मिळाली. ही परवानगी नसती तर आम्ही हा विचार इथेच थांबवला असता.

जुलैमध्ये मी आणि यजमान तिकडे तीन आठवडे राहून आलो. साताऱ्याहून खोपोली, पेणमार्गे अडीचशे किलोमीटरच्या आसपास होते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने जाण्याचा मोह आम्ही दरडींच्या भीतीने टाळला. दमटपणाचा त्रास झाला हे खरे आहे. यजमान म्हणाले की हिवाळा तिकडे आणि बाकीचे वर्ष साताऱ्यात, असे त्यांना चालेल. म्हणजे माची पेठेतले घर राहणार.

आता त्या जुन्या घराविषयी. मे महिन्यात विहिरीचे पाणी तपासून घेतले. पिण्यास योग्य नाही, पण धुण्याभांड्यांना आणि बागेला चालेल. जोते_ते_कौल यांनी सांगितल्याप्रमाणे तुळयांची टोके पाहिली. माजघरावरच्या दोन तुळया बदलाव्या लागतील, बाकी लाकूड निरोगी आहे. इतर_हक्क काकांचा इशारा अक्षरशः खरा ठरला. थोरल्या भावाच्या एक कन्या नाशिकला असतात, त्यांना घर विकले जात आहे याची कल्पनाच नव्हती. धाकटे गृहस्थ वाईट वागले असे मी म्हणणार नाही. लग्न होऊन गेलेल्या पुतणीला विचारायचे असते, हे त्यांच्या मनातच आले नव्हते. मी स्वतः त्या बाईंशी फोनवर बोलले. त्या पहिल्यांदा रडल्या, कारण त्यांचे बालपण त्या ओटीवर गेले आहे. नंतर म्हणाल्या की घर पाडणार नसाल तर माझी हरकत नाही, माझा हिस्सा मात्र मला मिळाला पाहिजे. तो त्यांना मिळालाच पाहिजे, आणि तसेच ठरले आहे.

वारस नोंदीचा अर्ज नगर भूमापन कार्यालयात दाखल झाला आहे. सातही वारसांच्या सह्या खरेदीखतावर होणार आहेत, बयाणा अद्याप दिलेला नाही. शाहूपुरीच्या प्लॉटला गिऱ्हाईक आले होते, त्याला नोंद होईपर्यंत थांबा असे सांगितले आहे.

तुळया बदलण्यासाठी आणि चुन्याच्या गिलाव्यासाठी जोते_ते_कौल यांनी गणपतीनंतर एकदा येऊन पाहावे, अशी त्यांना विनंती आहे. येण्याजाण्याची आणि राहण्याची व्यवस्था आम्ही करू.

जोते_ते_कौल, २२ ऑगस्ट

ताई, अवश्य येतो. पण गणपतीनंतर लगेच नको, पाऊस पूर्ण उघडल्यावर, दसऱ्याच्या सुमारास येईन. तोवर भिंतीची ओल कुठवर चढते ते मुलाला दर आठवड्याला खडूने रेघ मारून ठेवायला सांगा आणि रेघेशेजारी तारीख लिहायला सांगा.